चार पायांचा कोळी आणि दोन लाख टन तूर

सायखेड्याच्या बैठकीला येवला-नांदगावकडून जे शेतकरी आले होते, त्यांतल्या एकाने पोत्यात गुंडाळून तुरीचे एक झाड आणले होते. बैठकीचा विषय भावाचा, बोलणारे ठरलेले, वेळ थोडा. पण ते झाड टेबलावर आडवे ठेवले आणि भावाचा विषय अर्धा तास मागे पडला. झाड कमरेएवढे, हिरवेगार, पानांनी गच्च. दिवस शेंगा भरण्याचे. आणि या झाडाला शेंग तर नाहीच, फूलदेखील नाही. झाड आणणाऱ्या काकांचा प्रश्न साधा होता : "तीन फवारण्या झाल्या, चौथी कशाची करू ते सांगा."

आम्ही सांगितले, चौथी करू नका. पहिल्या तीनही फुकट गेल्या. सभागृहात थोडी चुळबूळ झाली. शेतकऱ्याला फवारणी सांगणारे गावोगाव आहेत. करू नका म्हणणारा माणूस संशयाचा वाटतो. अर्ध्या तासात सगळे सांगून झाले नाही, म्हणून जिल्हा बैठकीच्या या अंकात सविस्तर लिहितो आहोत. कापूस आणि ज्वारी हे आपले मुख्य पीक, तूर त्यात चार-सहा तासांनंतर एक तास. पण कोरडवाहू शेतकऱ्याला ठाऊक आहे की कापसाने दगा दिला आणि ज्वारीला भाव मिळाला नाही, तरी वर्षाची डाळ आणि पोराच्या फीचे पैसे त्या एका तासातून निघतात. त्या तासालाच फूल आले नाही तर?

आधी कबुली देऊन टाकतो. कृषी पदवी घेऊन आम्ही नवेनवे गावात आलो तेव्हा असलेच झाड आम्हाला एका शेतकऱ्याने दाखवले होते. पाने फिकट, बारीक, चट्ट्यापट्ट्यांची. आम्ही ऐटीत सांगितले, नत्र कमी पडले आहे, युरिया द्या. त्या भल्या माणसाने युरिया दिला. झाडे आणखी गच्च झाली, आणखी हिरवी झाली, आणि शेवटपर्यंत एक शेंग लागली नाही. तो माणूस आम्हाला कधी वाईट बोलला नाही. पुढच्या वर्षी आम्ही काही सांगायला गेलो की चहा पाजायचा आणि ऐकून घ्यायचा, करायचा मात्र स्वतःला पटेल तेच. आमचे खरे शिक्षण तिथून सुरू झाले.

या रोगाला आपल्याकडे वांझ रोग म्हणतात. सायखेड्याच्याच बैठकीत मागच्या बाजूला बसलेल्या एक ताई उठून म्हणाल्या, "झाड आजारी पडलंय, त्याला वांझ काय म्हणता? माणसात म्हणता तेवढं पुरे नाही का?" पुरुष हसले. आम्हाला काही उत्तर सुचले नाही. शब्द कृषी खात्याच्या घडीपत्रिकेत आहे, विद्यापीठाच्या पुस्तकात आहे, त्यामुळे इथेही तोच वापरावा लागतो आहे, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही आपण कशाबद्दल बोलतो. पण ताईंचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. झाडात जन्मतः काही कमी नसते. त्याला रोग झालेला असतो, रोग एका विषाणूचा असतो, आणि तो विषाणू दारोदार पोचवणारा एक जीव असतो. त्या जिवाची ओळख झाल्याशिवाय बाकीचे बोलणे व्यर्थ आहे.

सायखेडा गोदाकाठचे गाव. इथला द्राक्षवाला 'कोळी' म्हटले की लगेच मान डोलावतो. त्याचा लाल कोळी पानामागे जाळी विणतो, पान तांबूस करतो. कापसावर आणि ज्वारीवरही जाळी करणारे कोळी आपण पाहिले आहेत. ते सगळे आठ पायांचे. आम्ही सांगतो आहोत तो कोळी वेगळ्या घराण्यातला. त्याला पाय चारच, तेही तोंडाजवळ. अंग गाजरासारखे, पुढे रुंद आणि मागे निमुळते. डोळे नाहीत. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, म्हणजे पाच जण ओळीने उभे केले तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरणार. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही; दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून, उन्हात पान धरून, सवय झालेल्या नजरेला पांढुरका ठिपका हललेला कळतो.

दिसत नसला तरी या घराण्याची कामगिरी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. नदीकाठच्या करंजाचे पान उपटून बघा. पुष्कळ पानांवर बोटासारख्या, शेंगुळ्यांसारख्या गाठी वर आलेल्या असतात. शाळेत असताना आम्ही त्या नखाने फोडायचो आणि आत काही नाही म्हणून टाकून द्यायचो. आत काही नाही असे नव्हते, आमच्याजवळ भिंग नव्हते. ती गाठ म्हणजे या कोळ्याचे घर. बांधावरच्या बोरीच्या कोवळ्या फांद्यांवर ज्या खडबडीत गाठी येतात, त्यांतल्या कित्येक याच्याच एका भाऊबंदाच्या. जाईच्या पानावर पांढरी लव माजते, फुले येत नाहीत, आणि बायका म्हणतात जाईला बुरशी लागली. ती बुरशी नसते, कोळ्याने पानाकडून उगवून घेतलेली केसाळ गादी असते.

उगवून घेतलेली, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. या जिवाजवळ घर बांधायला काही साधन नाही. त्याच्या तोंडात सुईसारखे बारीक काटे असतात. ते कोवळ्या पानाच्या वरच्या थरात खुपसतो आणि आपली लाळ आत सोडतो. त्या लाळेने पानाच्या पेशींचा हिशोब बिघडतो. जिथे सपाट वाढायचे तिथे पान फुगते, आत वळते, पोकळी करते, पोकळीच्या आत लुसलुशीत थर धरते. घर झाडाचे, माती झाडाची, मजुरी झाडाची, आणि राहणार कोळी, शिवाय भिंतीच खाऊन जगणार. (सावकारीचा धंदा कोणी शोधून काढला याबद्दल पुष्कळ वाद आहेत. आमचे मत या प्राण्याच्या बाजूने आहे.)

त्याचा संसारही विचित्र. नर आणि मादी एकमेकांना भेटतातच असे नाही. नर पानावर दांडीवर उभ्या केलेल्या थेंबासारखे बीज ठेवून निघून जातो, मादी नंतर येऊन ते उचलते. ज्या अंड्याला बीज लागले त्यातून मादी, न लागले त्यातून नर. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एकटी मादी वाऱ्याने उडून नव्या झाडावर पडली तरी तिची वसाहत बसू शकते. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. पंख नाहीत, पण पान सुकायला लागले की ही मंडळी पानाच्या कडेला येतात, शेपटाच्या टोकाने पान धरून उभी राहतात आणि वाऱ्याची झुळूक आली की सुटतात. कुठे पडायचे हे वारा ठरवतो. लाखांतले बहुतेक वाया जातात, थोडे मुक्कामाला पोचतात, आणि तेवढे पुरतात.

मुक्कामाला पोचणेही सोपे नाही, कारण हे घराणे सोवळ्यातले आहे. शास्त्रज्ञांनी आजवर चार हजारांहून जास्त जाती नोंदवल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींचे झाड ठरलेले असते. करंजाचा कोळी बोरीवर जगत नाही, बोरीचा जाईवर जगत नाही. आपल्या देशातले हे कोळी गोळा करून ओळखण्याचे मोठे काम बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात चन्नबसवण्णा यांनी केले, त्यांचा ग्रंथ १९६६ सालचा. एकाच झाडाला बांधलेले असणे हे या जिवाचे बळ आहे आणि तीच त्याची दुखरी नस आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग करायचा आहे.

सगळेच वैरी आहेत असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या गव्हात युरोपातून आलेले एक तण फार माजले होते. तिथल्या सरकारने १९७१ साली त्याच तणावर गाठी करणारा कोळी मुद्दाम आणून सोडला, कारण तो गव्हाला शिवणार नाही याची परीक्षा आधी घेतलेली होती. उलट नारळाचे उदाहरण आहे. नारळावरचा कोळी १९६५ साली मेक्सिकोतल्या नमुन्यांवरून शास्त्राला माहीत झाला. १९९८ साली तो केरळात सापडला, आणि मग किनारपट्टीने पसरत कोकणात आला. कोवळ्या नारळाच्या देठाकडच्या टोपीखाली लपून तो सालीवर जगतो. नारळ बारका राहतो, सालीवर तपकिरी भेगा पडतात. टोपीखाली औषध पोचत नाही, माडावर चढणारा माणूस मिळत नाही. कोकणातला बागायतदार काय सोसतो ते त्यालाच विचारा.

आता तुरीकडे येऊ. तुरीवरचा कोळी याच घराण्यातला, पण गाठ करत नाही. लव करत नाही, पान वळवत नाही, डाग पाडत नाही. पानाच्या खालच्या अंगाला, केसांच्या आडोशाने गुपचूप राहतो. त्याने रस घेतल्याने तुरीचे म्हणावे असे काही बिघडतही नाही. म्हणूनच तो इतकी वर्षे सापडला नाही. या रोगाची पहिली नोंद १९३१ सालची, बिहारमधल्या पुसा येथली. हा कोळी रोग पसरवतो हे १९६२ साली सिद्ध झाले. म्हणजे तीस वर्षे नुसती शंका. आणि रोगाचा विषाणू हाताला लागून त्याची ओळख पटायला एकविसावे शतक उजाडले. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत ते काम झाले. पुढे असाच दुसरा एक विषाणूही सापडला. सत्तर वर्षे ज्या रोगाचे कारण हाताला लागत नव्हते, त्यावर औषध विकणारे मात्र सत्तर वर्षे थांबले नव्हते.

इक्रिसॅटमध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचे आकडे प्रत्येक तूरवाल्याने पाठ करावेत असे आहेत. रोगट पानावर कोळ्याला पंधरा मिनिटे खायला मिळाले की विषाणू त्याच्या अंगी आला. निरोगी पानावर दीड तास बसला की विषाणू झाडात गेला. एकेकटा कोळी सोडला तर निम्म्याच्या आसपास झाडांना रोग झाला; झाडावर दहाहून जास्त कोळी सोडले तर एकही झाड वाचले नाही. मधे थांबायचे, पिकायचे, मुरायचे काही नाही. आता हिशोब करा. आज सकाळी फवारले. औषधाचा असर असेपर्यंत ठीक. नंतर शेजारच्या बांधावरून वाऱ्यावर दहा कोळी आले आणि दीड तास बसले. संपले.

म्हणून काकांना चौथी फवारणी करू नका म्हणालो. कोळी मेला तरी झाडात गेलेला विषाणू मरत नाही. आजारी झाड पुन्हा फुलावर आणणारे औषध आजमितीला जगात कुठेही नाही. रोग पेरणीपासून पहिल्या पंचेचाळीस दिवसांत लागला तर त्या झाडाचे उत्पन्न जवळजवळ शून्य. उशिरा लागला तर काही फांद्यांना शेंगा येतात, काही फांद्या नुसत्या हिरव्या राहतात. कोळ्यावरचे औषध कामाचे असेलच तर या पहिल्या दीड महिन्यात, आणि तेही शेजारी रोगाचे घर असेल तर. फुलोऱ्याच्या वेळी फूल का नाही म्हणून केलेली फवारणी दुकानदाराच्या घरी फूल आणते. आणखी एक गोष्ट. जुन्या पत्रिकांत तुरीच्या कोळ्यावर डायकोफॉल लिहिलेले असते. त्या औषधावर केंद्र सरकारने २०२३ साली बंदी घातली. जुन्या साठ्यातली बाटली कोणी पुढे केली तर घेऊ नका. घाटेअळीवर जी सिंथेटिक औषधे आपण डोळे मिटून मारतो, त्यांनी कोळी खाणारे कोळीही मरतात, हेही मनात असू द्या.

मग करायचे काय? इथे त्या दुखऱ्या नशीचा उपयोग. तुरीचा कोळी तुरीवर आणि तिच्या रानटी भाऊबंदांवरच जगतो. कापसावर नाही, ज्वारीवर नाही, गवतावर नाही. बियाण्यातून रोग येत नाही. मातीतून येत नाही. जानेवारीत तूर काढली आणि जूनमध्ये पेरली. मधले पाच महिने हा कोळी आणि हा विषाणू कुठे असतात? असतात ते विहिरीजवळ ठेवलेल्या दोन झाडांवर, परसातल्या तुरीवर, बांधावरच्या खोडव्यावर, पाटाच्या ओलीने आपोआप उगवलेल्या रोपांवर. उन्हाळाभर तिथे पोटापाण्याची सोय होते आणि पावसाळ्याचा वारा सुटला की ती मंडळी नव्या पेरणीवर उतरतात. वाऱ्याच्या दिशेला रोग किलोमीटरच्याही पुढे जातो.

कापूसवाल्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज पडू नये. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली जे केले त्यानंतर फरदड ठेवू नका हे प्रत्येक गावात सांगितले गेले. तुरीचा खोडवा ही तुरीची फरदडच आहे. आणि कापसाचेच आणखी एक उदाहरण देतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्ट इंडीज बेटांवर लांब धाग्याचा कापूस घेत. तिथे या चार पायांच्या घराण्यातल्याच एका कोळ्याने कापसाच्या पानांवर फोड आणले. आजची औषधे तेव्हा नव्हती. हंगाम संपला की जुने कापसाचे झाड मुळासकट उपटून जाळायचे आणि पुढच्या पेरणीपर्यंत रानात कापसाचे एकही झाड ठेवायचे नाही, हा तिथला मुख्य उपाय होता. अमेरिकेतला गहूवाला आजही आपोआप उगवलेला गहू पेरणीआधी मारतो, कारण त्याच्या गव्हावरही असाच एक कोळी विषाणू आणतो.

हे लिहायला सोपे आहे. सायखेड्याला आम्ही हेच बोललो तेव्हा त्याच ताई पुन्हा उठल्या. म्हणाल्या, बांधावरची तूर पुरुषांना दिसतच नाही, ती आमची असते. उन्हाळ्यात शेळीला पाला तिथून, चुलीला तुराट्या तिथून, संक्रांतीच्या आसपास ओल्या शेंगा तिथून. ती उपटा म्हणता, मग शेळीला काय घालू? हा प्रश्न खरा आहे आणि आमच्याजवळ त्याचे गोड उत्तर नाही. शेंगा तोडून झाल्या की झाड उपटले तर तुराट्या मिळतातच, पाला मात्र बुडतो. शेवरी, सुबाभूळ बांधावर लावता येतात, पण ती दोन वर्षांनी. एवढे नक्की सांगतो की मार्च ते जून या काळात जी तूर हिरवी आहे आणि जिचे पान बारीक, फिकट-गडद ठिपक्यांचे आहे, ती तूर शेळीच्या पोटात मुळासकट गेलेली बरी. निरोगी खोडव्याबद्दल गावाने बसून ठरवावे, आणि ठरवताना बायकांना बोलवावे. त्यांना वगळून झालेला ठराव बांधापर्यंत पोचत नाही हा आमचा अनुभव आहे.

एकट्याने करून भागत नाही ही यातली खरी अडचण. घाटेअळी तुमच्या रानातली तुमची. हा कोळी वाऱ्याकडच्या शेजाऱ्याचा. तुम्ही चार झाडे उपटलीत आणि शेजारी मुंबईला नोकरीला असलेल्या भावाच्या पडीक बांधावर आठ झाडे डोलत राहिली, तर तुमची मेहनत वाया. बांधावरून भाऊबंदकी करायची आपल्याला सवय आहे, बांधावरच्या झाडावरून एक होण्याची नाही. पण पश्चिमेकडून वारा येतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. गावाच्या पश्चिमेची उन्हाळी तूर मे महिन्यात निघाली, तेवढ्यानेही फरक पडेल.

दुसरा उपाय बियाण्याचा, आणि खरे तर तोच पहिला. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण दिले. पुष्कळांना ही अक्षरे म्हणजे नुसता नंबर वाटतो. त्यातला 'बी' बदनापूरचा, आणि पुढची तीन अक्षरे सांगतात की हा वाण वांझ रोगाला दाद देत नाही. नावातच औषध लिहिलेले आहे, आपण वाचत नाही. इक्रिसॅटचा 'आशा' हा वाणही १९९३ साली मर आणि वांझ या दोन्ही रोगांसाठीच दिला गेला. बदनापूरचा बीडीएन ७११ लवकर येणारा असल्याने हलक्या रानातला शेतकरी त्याच्याकडे वळला.

पण इथेही डोळे उघडे ठेवायला हवेत. हा विषाणू सगळीकडे सारखा नाही. बेंगळुरूकडचा प्रकार पाटणचेरूकडच्यापेक्षा कडक आहे. पाटणचेरूला टिकलेले पुष्कळ वाण बेंगळुरूच्या रानात बसले. तेव्हा 'प्रतिकारक' हा शब्द पिशवीवर छापला म्हणून तो आपल्या तालुक्यात खरा ठरेलच असे नाही. नाशिकच्या पूर्व भागात, खानदेशात, मराठवाड्याच्या कडेला कोणता प्रकार आहे याची दर काही वर्षांनी पाहणी व्हायला हवी, आणि तिचा निकाल पेरणीआधी गावाच्या फळ्यावर लागायला हवा. हे काम शेतकरी करू शकत नाही. हे विद्यापीठांचे आणि कृषी खात्याचे काम आहे आणि त्यासाठी त्यांना पगार आहे. आमची मागणी एवढीच नाही. ज्या वाणाला शेतकऱ्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या केंद्राने जन्म दिला, त्याचे खात्रीचे बियाणे जूनच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याला का मिळू नये? तूर काही संकरित कापूस नाही. चांगल्या रानातले निवडून ठेवलेले घरचे बी तीन वर्षे सहज चालते. म्हणजे एका पिशवीत गावाचे काम होते. त्यात विकणाऱ्याला फायदा नाही, हे आम्हाला कळते. त्यासाठीच तर सरकारी केंद्रे काढली ना?

आता भावाच्या विषयाकडे, ज्याच्यासाठी बैठक होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या एका रोगाने देशात वर्षाला २ लाख ५ हजार टन तूर बुडते असा अंदाज काढला होता. आकडा जुना आहे, आज कमी असेल वा जास्त. तोच धरून चला. २०२५-२६ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला. त्या भावाने ही तूर १,६४० कोटी रुपयांची. आणि भारत सरकारने २०१६ साली मोझांबिकशी करार केला तो किती तुरीचा? वाढवत वाढवत वर्षाला २ लाख टनांपर्यंत. २०२१ साली तोच करार वर्षाला २ लाख टनांच्या बोलीने आणखी पाच वर्षे वाढवला. त्याच वर्षी मे महिन्यात तुरीची आयातही खुली झाली. देशात डाळ कमी पडते म्हणून बाहेरून आणतो, असे दिल्ली सांगते. मोझांबिकच्या शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही, तोही आपल्यासारखाच कोरडवाहू. आमचा प्रश्न असा आहे की बोटीने दोन लाख टन आणायला जेवढी धावपळ होते, तिचा शंभरावा हिस्सा रानातले दोन लाख टन वाचवायला का होत नाही? बोटीतली तूर मोजता येते. न आलेल्या फुलाची मोजणी कोणी करत नाही. आणि नुकसान बघायला येणारा माणूस रस्त्यावरून बघतो. रान हिरवेगार दिसते. इक्रिसॅटच्या लोकांनी या रोगाला हिरवा प्लेग म्हटले आहे ते याचसाठी. वाळलेल्या पिकाचा पंचनामा होतो, हिरव्याचा कोण करणार?

तेव्हा येत्या हंगामात आपल्याकडून काय व्हावे, ते सांगून थांबतो. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी पहिली खुरपणी होते. खुरपणाऱ्या बाईची नजर प्रत्येक झाडावरून जाते, कोणत्याही अधिकाऱ्याची जात नाही. शेंड्याची पाने बारकी, त्यांवर फिकट आणि गडद हिरव्याची सरमिसळ, झाड शेजाऱ्यापेक्षा खुजे, असे दिसले की ते रोप तिथेच उपटून पिशवीत घालावे आणि रानाबाहेर पुरावे. तासात टाकून देऊ नये, कारण ते सुकू लागले की त्याच्यावरचे कोळी शेजारच्या रोपाकडे निघतात. दाट पेरलेली तूर असेल तर शंभरातली पाच-दहा रोपे गेल्याचे वाईट वाटू नये. मर रोगाशी गल्लत करू नका : मर झालेले झाड सुकते, उभे चिरले की आत काळी रेघ दिसते. हे झाड सुकत नाही, उलट जास्त दिवस हिरवे राहते. ढगाळ हवेने फूलगळ झालेल्या झाडाशीही गल्लत करू नका. त्याला फूल येऊन गळलेले असते, खाली पाकळ्या दिसतात.

पुढच्या जिल्हा बैठकीला आम्ही दोन भिंगे घेऊन येतो आहोत. ज्यांच्या बांधावर उन्हाळ्यातही तूर हिरवी आहे त्यांनी शेंड्याकडची एक फांदी आणावी. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने घामेजतात आणि काही दिसत नाही. कागदावर गावाचे नाव आणि झाड विहिरीजवळचे, परसातले की बांधावरचे ते लिहा. येवल्याच्या काकांनी आणखी एक झाड आणायचे कबूल केले आहे. आणि त्या ताईंनाही निरोप द्या, त्यांच्या शेळीच्या प्रश्नावर बोलायचे राहिले आहे.